रोम, बगदाद आणि महाराष्ट्राचा किनारा

प्राचीन रोमन संस्कृति आणि आरंभींची इस्लामी संस्कृति यांची तुलना बहुधा त्यांच्या लढायांवरून व राज्यविस्तारावरून केली जाते. महाराष्ट्रास मात्र या दोहोंचा परिचय झाला तो मुख्यतः व्यापारी गलबतांमुळें. बारामतीकडील जिराइत भागांतला शेतकरी ज्या वाऱ्यांची आतुरतेनें वाट पाहतो, त्याच नैर्ऋत्य वाऱ्यांवर प्रथम रोमन साम्राज्यांतील व पुढें अरबांचीं जहाजें पश्चिम किनाऱ्यास लागत. ‘मोसमी’ हा शब्दच मुळीं अरबी ‘मौसिम’वरून आलेला आहे.

इ. स. पूर्वीं ३० मध्यें मिसर देश रोमच्या हातीं आला आणि हा व्यापार भरभराटीस चढला. पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक समुद्रवर्णनांत पैठण, तगर म्हणजे आजचें तेर, आणि कल्याण हीं नांवें येतात. पैठणचे मौल्यवान खडे व तगरचें कापड भडोच बंदरांतून परदेशीं जाई. हिंदुस्थान दरसाल निदान पांच कोटी सेस्टर्स नाणीं ओढून नेतो, अशी प्लिनीची तक्रार होती. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नांवाच्या यवनानें पाण्याचीं दोन टांकीं व चिट नांवाच्या यवनानें भोजनमंडप दिल्याचे लेख आहेत. ग्रीकांस व पश्चिमेकडील परकीयांस त्या काळीं यवन म्हणत. असे कांहीं यवन येथील धर्मांत मिसळून गेले. परंतु रोमच्या सरदारवर्गास येथील मालाखेरीज अन्य कशाचें फारसें अगत्य नव्हतें. तेथें व्यापार हलका मानीत. इ. स. पूर्वीं २१८ च्या एका कायद्यानें सेनेटच्या सभासदांस मोठीं जहाजें बाळगण्याचीच मनाई केली होती. तो कायदा पुढें सैल पडला, तरी त्यामागील वृत्ति टिकली.

इस्लामचे पैगंबर स्वतः व्यापारी होते. त्यामुळें त्या समाजांत व्यापाऱ्यास मान होता. आरंभीं तलवारहि आली. इ. स. ६३६ च्या सुमारास एक अरब आरमार ठाण्यावर चालून आलें. परंतु खलिफा उमर यांस तें साहस रुचलें नाहीं. पुढें संबंध जडला तो व्यापाराचा. ९१६ च्या सुमारास मसूदी हा अरब प्रवासी चौल येथें आला. तेथें त्यास सुमारें दहा हजार मुसलमान वस्ती करून राहिलेले आढळले. त्यांचे तंटे त्यांच्याच धर्मनियमांप्रमाणें तोडण्यासाठीं ‘हुनरमन’ हा त्यांच्यांतलाच अधिकारी असे. हा मुलूख राष्ट्रकूटांच्या सत्तेखालीं होता. चिंचणीचा शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ चा ताम्रपट याहूनहि बोलका आहे. संजाण प्रांताचा अधिकारी मधुमति, म्हणजे मुहम्मद, हा ताजिक अर्थात् अरब होता. आणि त्यानें राष्ट्रकूट राजा इंद्र यांच्या अनुमतीनें देवीच्या मठिकेस दान दिलें. परक्या धर्माच्या माणसाच्या हातीं प्रांत सोंपविणारा राजा आणि दुसऱ्याच्या देवस्थानास जमीन देणारा अधिकारी, हे दोघेहि थोरच म्हटले पाहिजेत.

दोन्ही संस्कृतींतील सर्वांत मोठा भेद मात्र विद्येच्या बाबतींत दिसतो. जुन्नरजवळच्या नाणेघाटांत सातवाहनकालीन लेखांत दानाच्या संख्या अंकांनीं कोरल्या आहेत. आजचे अंक ज्या ब्राह्मी अंकांपासून निघाले, त्यांचें तें एक प्राचीन रूप होय. येथें येणाऱ्या रोमन प्रजाजनांनीं तसे अंक पाहिले असले, तरी रोमनें ते उचलले नाहींत. पुढें हिंदी गणितज्ञांनीं शून्य व स्थानमूल्य यांची जोड देऊन ती पद्धति पूर्ण केली. नवव्या शतकांत बगदादच्या अल्-ख्वारिज्मीनें तिजवर ग्रंथ लिहिला, आणि बाराव्या शतकांत त्याचें लॅटिन भाषांतर झाल्यावर ती युरोपांत पसरूं लागली.

रोमनें येथील माल घेतला. बगदादनें मालाबरोबर विद्याहि घेतली, आणि ती दुसऱ्यांस दिली. म्हणूनच रोमन अंक आज घड्याळाच्या तबकडीवर उरले आहेत, आणि खुद्द रोम शहरांतला वाणीहि आपला हिशेब हिंदी अंकांतच मांडतो.