पखवाज भजनातला, प्रवेश विद्यापीठाचा

बीड जिल्ह्यातल्या मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला दिंड्या येतात. दिंडीत नाहीतर गावच्या सप्ताहात मृदंग वाजवणारी पोरं या भागात भरपूर आहेत. पण बारावीनंतर संगीत शिकायचा विषय निघाला की हीच पोरं मागे सरतात : आपलं भजनातलं वाजवणं, तिथं शास्त्रीय लागतं.

सगळ्यांत जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच. पद्मश्री मिळालेले पखवाजवादक शंकरबापू आपेगावकर वारकरी परंपरेतूनच आले. त्यांचं आपेगाव अंबाजोगाई तालुक्यातलं, म्हणजे मांजरसुंब्याहून केजमार्गे जाता येईल असं. भजनातला हात कमअस्सल नसतो. लय धरून ठेवणं, गाणाऱ्याकडे कान देणं, तासन्‌तास न थकता वाजवणं हे तिथंच अंगात मुरतं. कमी पडते ती पढंत. हाताने टाळी-खाली दाखवत बोल तोंडाने स्वच्छ म्हणता आले पाहिजेत. चौतालाच्या बारा मात्रा संथ लयीत मोजून पाहा; दोन मात्रांमधली मोकळी जागा भरून काढायचा मोह तिथं लगेच उघडा पडतो.

जलद वाजवलं की परीक्षक खूश होतात, असंही पोरं मानतात. खरं तर वेगात बोल एकमेकांत मिसळले की निकास म्हणजे बोल काढायची पद्धत कच्ची असल्याचं कळून येतं. तबला असेल तर त्रितालातला एकच कायदा घ्यावा, त्याच बोलांतून चार पलटे करावेत आणि तिहाई नेमकी समेवर आणावी. तयारी त्यात पुरेशी दिसते. रियाज मोबाइलवरच्या लेहऱ्यावर करायला हरकत नाही, पण पेटीवाल्या माणसाबरोबरही बसावं. माणसाची लय किंचित हलते, तेव्हा सम सांभाळावी लागते.

‘विशारद नसेल तर कुणी घेत नाही’ हेही खरं नाही. विशारद ही गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा; ती वेगळी, विद्यापीठाची पदवी वेगळी. पुणे विद्यापीठात 1987 साली सुरू झालेल्या ललित कला केंद्रात पदवीच्या प्रवेशासाठी बारावी लागते आणि प्रत्यक्ष वाजवून दाखवावं लागतं. नियम त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच वाचावेत, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

वाद्य घरी सुरात लावलं की काम झालं, असं समजून प्रवेशाच्या परीक्षेला निघू नका. बीडच्या कोरड्या हवेत ताणलेली पुडी पुण्याच्या पावसाळी दमटपणात सैल पडते, सूर उतरतो. वेळेच्या तासभर आधी पोहोचा. हातोडी जवळ ठेवा. आधी गठ्ठे सरकवा, मग गजऱ्यावर हलके ठोके देत घरोघर सूर जुळवा. पखवाज असेल तर धुम्याची कणीक तिथंच ताजी मळून लावा. सकाळी लावलेली कणीक दुपारपर्यंत सुकते, आणि मग डाव्या हाताखाली घुमाराऐवजी नुसतं चामडं वाजतं.