पुढच्या चाकातली खडखड

खड्ड्यातून हळू जाताना पुढून खडखड येते, सपाट रस्त्यावर मात्र गाडी गप्प. अशा वेळी आधी लिंक रॉड तपासा. ही बारीक दांडी अँटी-रोल बारला शॉकअपशी जोडते. तिच्या टोकाच्या बॉल जॉइंटवरचं रबर फाटलं की आत माती-पाणी शिरतं, ग्रीस जातं आणि दांडी हाताने हलवली तरी टकटक वाजते. ती घरी बदलता येते. दोन्ही पुढची चाकं एकदम उचला, म्हणजे बारवर ताण राहत नाही. नटाबरोबर बोल्टही फिरू लागला, तर त्याच्या टोकाच्या खाचेत अ‍ॅलन की धरा. शॉकअपच्या स्प्रिंगला मात्र हात लावू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जिवावर बेततं. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका, स्टँड लावाच.