कढीपत्त्यात अळीचा वाटा

गेल्या पावसाळ्यात कुंडीतल्या कढीपत्त्याच्या एका पानावर पाखराची शिट पडलेली दिसली. ओल्या फडक्याने पुसायला गेले, तर ती हलली. चष्मा आणून पाहिलं. नखाएवढी अळी होती, काळपट तपकिरी, मध्ये पांढुरका पट्टा. पाखरांनी खाऊ नये म्हणून पाखराच्याच शिटेचं सोंग! काही दिवसांनी कात टाकून ती हिरवीगार झाली आणि करंगळीएवढी वाढली. राहवेना, म्हणून काडीने हळूच डिवचलं. डोक्यामागून नारिंगी रंगाचं, दुबेळक्यासारखं काहीतरी झटकन बाहेर आलं, उग्र वास सुटला आणि क्षणात ते पुन्हा आत गेलं.

त्या कुंडीला मी पाच वर्षं रोज पाणी घालत होते. पाच वर्षांत एकदाही त्या झाडाकडे आमटीपलीकडच्या कारणासाठी पाहिलं नव्हतं. लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरं मुख्यतः लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतात आणि कढीपत्ता त्याच कुळातला, हे मला त्या अळीमुळे कळलं. 2015 साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉरमॉनही याच कुळावर वाढतं. म्हणजे फुलपाखरं बोलवायची तर फुलझाडांच्या आधी अळीच्या जेवणाची सोय हवी. आपण नेमकं उलटं करतो. झेंडू लावतो आणि अळी दिसली की औषध फवारतो.

'निसर्गाच्या कुशीत दोन दिवस' अशा जाहिराती हल्ली दर आठवड्याला दिसतात. जायला काहीच हरकत नाही, मीही जाते. पण तो निसर्ग म्हणजे लग्नकार्यात भेटणाऱ्या लांबच्या नातेवाइकासारखा. चेहरा ओळखीचा वाटतो, नाव आठवत नाही, जेवण झालं की आपण आपल्या वाटेने. नातं टिकतं ते येण्याजाण्याने, आणि त्यासाठी घराजवळचंच कुणीतरी लागतं.

विज्ञानाचंही म्हणणं फारसं वेगळं नाही. इंग्लंडमधल्या सुमारे 20,000 लोकांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास 2019 मध्ये आला. आठवड्याला किमान 120 मिनिटं निसर्गात घालवणारे लोक स्वतःची तब्येत आणि समाधान बरं असल्याचं जास्त प्रमाणात सांगत होते. हा वेळ एकदम घेतला की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडत नव्हता. दिवसाला सतरा-अठरा मिनिटंच होतात. त्याआधी 1984 मध्ये रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या नोंदी तपासल्या होत्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडं दिसणारे 23 रुग्ण आणि विटांची भिंत दिसणारे 23. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. अभ्यास छोटा आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण खिडकी आपल्याकडेही आहे.

माझ्या खिडकीसमोर एक काटेसावर आहे. वर्षभर एकच झाड बघायचं, असं मी ठरवलं आणि हीच निवडली, कारण ती कुठेही जाणार नव्हती. थंडीत तिने पानं टाकली. जानेवारीच्या शेवटी उघड्या फांद्यांवर लालभडक, जाड पाकळ्यांची, वाटीएवढी फुलं आली आणि झाडाची खानावळ झाली. सकाळी चहाच्या कपाबरोबर मोजायला लागले: साळुंक्या, बुलबुल, कावळे, खारी, शिंजीर आणि एक दिवस भोरड्यांचा अख्खा थवा. हिवाळ्यात परदेशातून आलेले हे पाहुणे माझ्या समोर भांडत होते आणि मी आजवर त्या वेळेला बातम्या बघत होते. उन्हाळ्यात बोंडं उकलली, कापूस उडाला. सोसायटीच्या बैठकीत 'कचरा फार होतो, तोडून टाका' असं निघालंच. 1975 च्या कायद्याने शहरातलं झाड वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, हे मी सांगितलं. तेव्हापासून मला बैठकीत चहा जरा उशिरा मिळतो.

आकाशाची ओळख तर आपल्याकडे घरातच होती. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पुढे रोज सरासरी 50 मिनिटं उशीर करतो, म्हणून संकष्टीला जेवायला नऊ-साडेनऊ वाजतात. पूर्वी पोरांना गच्चीवर पिटाळलं जायचं, 'दिसला का बघून ये.' आता मोबाइलवर चंद्रोदयाची वेळ बघतो आणि ताटावर बसतो. उपास तेवढा राहिला, चंद्र गेला. गच्चीवर जायला धर्म लागत नाही, तिथीही लागत नाही. तसंच मृगाचं. सात-आठ जूनच्या आसपास मृग लागतो, आणि पहिला पाऊस झाला की मातीवर मखमली लाल किडा दिसतो. शहरातही, जिथे माती उरली आहे तिथे.

एक चूक सांगून ठेवते. उत्साहाने मी गॅलरीत धान्य ठेवलं. चिमण्या आल्या नाहीत, पारवे आले. चौथ्या दिवशी ते मालक आणि मी भाडेकरू. धान्य बंद केलं आणि मातीचं पसरट भांडं ठेवलं, दोन-तीन बोटं पाण्याचं, मधोमध एक दगड. उन्हाळ्यात बुलबुल दुपारी आंघोळीला येतो. पाणी रोज बदलायचं आणि भांडं घासायचं, नाहीतर डासांची पैदास आपल्याच घरात होईल.

नोंद ठेवली तर गोडी वाढते. सीझनवॉच या देशव्यापी उपक्रमात एखादं झाड निवडून आठवड्याला त्याच्या पालवी-फुला-फळांची माहिती देता येते. फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटसाठी पंधरा मिनिटं पक्षी मोजले तरी चालतात. मला या भानगडी जमल्या नाहीत. मी कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाच्या शेजारी लिहिते: '28 जाने. सावर, पहिलं फूल.' पुढल्या वर्षी तारीख पुढेमागे झाली की कळेल.

सध्या कढीपत्त्यावर तीन अळ्या आहेत, झाडाचा शेंडा जवळजवळ फस्त झालाय. या आठवड्यात आमटीला कढीपत्ता शेजारच्या काकूंकडून आणतेय.