जुना लॅपटॉप बदलायचा? आधी हे बघा



गुऱ्हाळाचा हिशोब, दुधाची बिलं, अनुदानाचे अर्ज असं सगळं ज्या जुन्या लॅपटॉपवर आहे, तो चालू व्हायला पाच मिनिटं घेतोय म्हणून लगेच दुकानात पळू नका.

जुन्या लॅपटॉपमध्ये बहुतेक फिरणारी हार्ड डिस्क असते, ती मंद. तिच्या जागी एसएसडी बसवली की तोच लॅपटॉप झटक्यात चालू होतो. रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. डिस्क म्हणजे कोठार, रॅम म्हणजे खळं. खळं लहान असलं की माल सारखा आत-बाहेर करावा लागतो. (काही पातळ लॅपटॉपची रॅम वाढवता येत नाही, आधी विचारून घ्या.)

*मात्र प्रोसेसर बघा.* विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आय५-७२०० असं लिहिलं असेल तर तो सातव्या पिढीचा. त्यावरून बँकेचे व्यवहार करत असाल, तर नवीन घेतलेला बरा. घेताना एसएसडी आणि किमान ८ जीबी रॅम बघा. चकचकीत स्क्रीनला भुलू नका.

*जुना देण्याआधी:*

टॅली वापरत असाल तर जुन्या मशीनवरचं लायसन्स आधी सरेंडर करा, मग नव्यावर चालू करा. डेटाचा बॅकअप दोन ठिकाणी ठेवा, त्यातला एक घराबाहेर. पंचगंगेकाठच्या गावांना २०१९ आणि २०२१ चा महापूर आठवत असेल. लॅपटॉप आणि पेन ड्राइव्ह एकाच कपाटात असतील तर दोन्ही एकदमच भिजणार.

श्रीलिपी, कृतिदेवमधल्या जुन्या मराठी फाइल नव्या लॅपटॉपवर उघडल्या की चित्रविचित्र अक्षरं दिसतात. घाबरू नका, फाइल खराब झालेली नसते. तो फॉन्ट नव्यात टाकला की वाचता येते. इथून पुढं मात्र युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे तीच फाइल मोबाईलवरही नीट दिसेल.

सगळं नव्यावर उघडतंय याची खात्री झाली की मगच जुना रीसेट करा, आणि 'रिमूव्ह एव्हरीथिंग' हाच पर्याय निवडा. नुसतं डिलीट करून विकला तर सातबारा, आधार, पासबुकाचे फोटो परत काढता येतात. दुकानदार "आम्ही करतो" म्हणाला तरी हे काम घरीच, स्वतःच्या हातानं करा.

प्रोसेसरचा नंबर समजत नसेल तर सेटिंग्जमधल्या 'सिस्टिम', 'अबाउट' या पानाचा फोटो काढून याच नंबरवर पाठवा.

– कंपनी कार्यालय, कोल्हापूर