नोआ प्युरिफॉय यांचे भंगारशिल्प

अमेरिकी शिल्पकार नोआ प्युरिफॉय (1917–2004) यांच्या कलेचा विचार त्यांच्या आधीच्या पेशांना वगळून करता येत नाही. कारण ॲलाबामा राज्यातील स्नो हिल येथे जन्मलेले हे कृष्णवर्णीय कलावंत शिल्पाकडे वळण्यापूर्वी शाळेत हस्तव्यवसाय शिकवत होते, दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या बांधकाम दलात होते आणि पुढे अटलांटा विद्यापीठातून समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन त्या क्षेत्रातही राबले होते. लॉस एंजेलिसच्या शुइनार्ड कलासंस्थेची पदवी त्यांना 1956मध्ये मिळाली, तेव्हा चाळिशी जवळ आली होती.

त्याच शहरातील वॉट्स या गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय वस्तीत 1964मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह कलाकेंद्र उभारले. शेजारी सायमन रोडिया या इटालियन स्थलांतरिताने 1921 ते 1954 या काळात एकट्याने बांधलेले, पोलादी सळयांना जाळी व सिमेंट लावून त्यांत फुटक्या फरशा आणि बाटल्यांच्या काचा बसवलेले सुमारे 30 मीटर उंचीचे मनोरे होते; टाकाऊतून काय उभे राहू शकते, हे केंद्रात शिकायला येणाऱ्या मुलांना सांगण्यासाठी वेगळ्या पुस्तकाची गरज नव्हती. ऑगस्ट 1965मध्ये वर्णभेद आणि पोलिसी वागणुकीविरुद्धच्या संतापाचा तेथे भडका उडाला, 34 माणसे मरण पावली आणि दुकानांच्या रांगाच्या रांगा जळाल्या. प्युरिफॉय आणि केंद्रातील त्यांचे सहकारी जडसन पॉवेल यांनी ढिगाऱ्यांतून सुमारे तीन टन जळके सामान वेचले आणि इतर कलावंतांना सोबत घेऊन त्यातून ‘66 साइन्स ऑफ निऑन’ हे प्रदर्शन 1966मध्ये सिद्ध केले. दुकानांवरील निऑन पाट्या वितळून झालेल्या गोळ्यांवरून हे नाव आले. या पद्धतीला असेंब्लाज म्हणतात: दगडातून मूर्ती घडवणारा नको तेवढे काढून टाकतो, तर येथे कलावंत वापरून फेकलेल्या वस्तू एकमेकींना जोडतो आणि त्यांचा पूर्वीचा वापर मुद्दाम दिसू देतो.

पुढे 1976पासून अकरा वर्षे ते कॅलिफोर्निया कला परिषदेवर होते. शाळा आणि तुरुंगांत कलावंतांना नेणाऱ्या उपक्रमांत गुंतल्यामुळे या काळात त्यांची शिल्पनिर्मिती जवळजवळ थांबली. हा खंड मानण्याचे कारण नाही, कारण वॉट्समधले कामच येथे सरकारी खर्चाने चालू होते, इतकेच.

लॉस एंजेलिसमध्ये राहणे परवडेना, म्हणून 1989मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, ते मोहावी वाळवंटातील जोशुआ ट्री येथे गेले. सुमारे दहा एकर उघड्या जमिनीवर त्यांनी पत्रे, टायर, सायकली, शौचकूप, जळकी लाकडे अशा सामानातून शंभराहून अधिक रचना उभ्या केल्या, आणि जे भंगार पूर्वी भिंतीवर मावत असे ते आता क्षितिजाच्या मापाने मांडले जाऊ लागले. ‘व्हाइट/कलर्ड’ या शिल्पात गोऱ्यांसाठी पाणी पिण्याचा नळ आहे, तर शेजारी ‘कलर्ड’ या पाटीखाली शौचकूप बसवलेला आहे. दक्षिणेकडील राज्यांत पाण्याचे नळसुद्धा कायद्याने वेगळे असत, हे ॲलाबामात वाढलेल्या माणसाला निराळे शिकावे लागले नव्हते; म्हणूनच बहुधा हा विनोद इतका कोरडा आहे.

ऊन, वारा आणि वाळू यांनी होणारी झीज प्युरिफॉय रचनेचाच भाग मानत. त्यामुळे ही जागा सांभाळणाऱ्या, त्यांच्याच नावाच्या प्रतिष्ठानापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो: कोसळू पाहणारी भिंत सावरली तर शिल्पकाराचा हेतू मोडतो, न सावरली तर शिल्पच उरत नाही. लॉस एंजेलिस काउंटी कलासंग्रहालयाने 2015मध्ये भरवलेल्या मोठ्या प्रदर्शनासाठी वाळवंटातील काही रचना आणल्या गेल्या, तेव्हा ही झीज तेवढ्या महिन्यांपुरती थांबली होती.