खंडनाचा रकाना

सप्टेंबरात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आला, की जालना, अंबड, परतूरकडून वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून बोलावणी येऊ लागतात. शाल, नारळ आणि पुढ्यात छापील तक्ता: आशय, मांडणी, भाषा, खंडन, एकूण. गेल्या खेपेला शेजारच्या परीक्षकांनी ‘खंडन’चा रकाना सर्वांत शेवटी भरला, सगळ्यांना सरसकट सात. त्यांना तरी काय बोल लावायचा? बहुतेकांनी पाठ केलेलं भाषण म्हटलं, एक अपवाद सोडता आधीच्या वक्त्याचं वाक्य कुणी उचललंच नाही.

आपल्याकडची रूढ पद्धत अशी: एका महाविद्यालयाचे दोन स्पर्धक, एक अनुकूल, एक प्रतिकूल. दोघांच्या गुणांची बेरीज जास्त, त्यांना फिरती ढाल. म्हणजे गड्यानं आपल्याच गड्याचा मुद्दा खोडला तरी फायदा दोघांचा! याला संघ म्हणायचं ते केवळ प्रवासखर्चापुरतं.

बेरजेतही मेख आहे. एक परीक्षक 62 ते 68 मध्येच फिरतो, दुसरा 35 पासून 90 पर्यंत जातो. बेरीज केली की निकाल जवळजवळ दुसऱ्याचाच. प्रत्येकाचे गुण आधी क्रमांकात बदलले तर हे बरंचसं टळतं. पण चहा येईपर्यंत निकाल हवा असतो.

जागतिक विद्यापीठ वादविवाद स्पर्धेत (2014 साली ती चेन्नईत झाली) ब्रिटिश संसदीय पद्धत चालते. दोघा-दोघांचे चार संघ, दोन सरकारकडून, दोन विरोधात. विषय 15 मिनिटं आधी कळतो. सात मिनिटांच्या भाषणात पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून समोरच्याला उठून मुद्दा विचारता येतो. परीक्षक चर्चा करून संघांचे क्रमांक लावतात, 3, 2, 1, 0 गुण देतात आणि कारणंही सांगतात. आमच्याकडे कारण विचारणारा विद्यार्थी उद्धट ठरतो.

हे सगळं परदेशीच आहे असं नाही. न्यायसूत्रांत वादात हरण्याची 22 निग्रहस्थानं मोजली आहेत. त्यातलं एक ‘अननुभाषण’: प्रतिपक्षानं तीनदा सांगितलेलं, सभेला समजलेलं म्हणणं परत सांगता न येणं. आमच्या तक्त्यात हा रकाना घातला तर निम्म्या ढाली परत जातील.

आणि हा तर बोलण्याची किंमत मोजलेला मुलूख. निजामी राजवटीत 1929 च्या गश्ती (परिपत्रक) क्रमांक 53 नं जाहीर सभांना परवानगीची अट घातली होती. तशा काळात, 1937 साली, परतूरला गोविंदराव नानलांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं.

गेल्या खेपेचा तो एक अपवाद म्हणजे मंठ्याकडची एक मुलगी. “आधीचे दादा म्हणाले की…” असं म्हणत तिनं त्याचा मुद्दा त्याच्यापेक्षा नीट मांडला आणि मग उलगडत नेला. दुसरी घंटा झाल्यावरही वीसेक सेकंद बोलली. नियमाप्रमाणे गुण कापले गेले. मी खंडनाला दहापैकी दहा दिले. शेजारी सातच होते. तिला उत्तेजनार्थ मिळालं.