कोयनेचं पाणी दोन समुद्रांना

कोयना आणि कृष्णा या दोघी महाबळेश्वरच्या एकाच पठारावर उगम पावतात. कृष्णा वाईकडे उतरते. कोयना मात्र सह्याद्रीची मुख्य रांग आणि बामणोलीची रांग यांच्यामधल्या चिंचोळ्या खोऱ्यातून सरळ दक्षिणेला निघते. इथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम साठ-सत्तर किलोमीटर, पण मध्ये कड्यांची भिंत. ती ओलांडता येत नाही म्हणून हेळवाकजवळ नदी जवळपास काटकोनात पूर्वेला वळते आणि पाटणवरून कराडला येते. तिथला प्रीतिसंगम घाटावर उभं राहून बघावा असाच आहे. उत्तरेकडून कृष्णा, दक्षिणेकडून कोयना, दोन्ही प्रवाह अगदी समोरासमोर येऊन भिडतात आणि मग एकत्र पूर्वेची वाट धरतात, थेट बंगालच्या उपसागरापर्यंत.

निसर्गाने आखलेला मार्ग एवढाच. माणसाने नेमकी ती भिंतच पोखरली. हेळवाकच्या वळणाआधी १०३ मीटर उंचीचं धरण बांधलं, मागे तापोळ्यापर्यंत शिवसागर जलाशय पसरला. जलाशयातलं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेऊन साडेचारशे मीटरहून अधिक खाली, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडलं. कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली. जलाशय साधारण १०५ टीएमसीचा, म्हणजे किती मोठा वाटा घाटाखाली जातो ते लक्षात यावं.

या विजेची किंमत खोऱ्याने मोजली. गावं पाण्याखाली गेली. विस्थापितांच्या पुढच्या पिढ्याही जमिनीसाठी आंदोलनं करत राहिल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे धरणाजवळचं कोयनानगर जलाशयाशी जोडल्या जाणाऱ्या भूकंपाने उद्ध्वस्त झालं, दीडशेहून अधिक माणसं गेली.

वीज तयार झाल्यावर उरणाऱ्या पाण्याला कोकणात ‘अवजल’ म्हणतात. कोळकेवाडी धरणातून ते वाशिष्ठीत येतं, म्हणून ऐन मे महिन्यातही चिपळूणला नदी वाहती असते. संध्याकाळी राज्याची विजेची मागणी वाढली, पोफळीत जनित्रं सुरू झाली, की खाली पाण्याची आवक वाढते. पुढे दाभोळच्या खाडीतून यातलं बहुतेक पाणी समुद्राला मिळतं. ते मुंबईपर्यंत नेण्याची चर्चा अधूनमधून होते. पण ज्या रत्नागिरी जिल्ह्यात उन्हाळ्यात वाड्यावाड्यांवर टँकर फिरतात, तिथल्या नळांना या अवजलावर पहिला हक्क मिळाला पाहिजे. मुंबईचा विचार त्यानंतर करावा.